लाभ, दोन, तीन

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात धान्यासमोर ‘एक’ हा आकडा तोंडातून काढला नाही. आबा म्हणजे माझे सासरे, जीवराम मापाडी. धुळ्याच्या बाजारात उत्तमचंद शेठच्या दुकानी ते धान्य मोजायचे. शेतकऱ्याचं पोतं ओतलं की ढिगासमोर मांडी घालून बसायचे, माप भरायचे, वरून हात फिरवून सपाट करायचे आणि पहिलं माप रिकामं करताना म्हणायचे, ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की बरकत जाते, एकाचं एकच राहतं, ही मापाड्यांची जुनी समजूत. आणि नुसतं म्हणायचं नाही, गायचं. दुसरं माप भरेपर्यंत “लाभ रे लाभ, लाभ रे लाभ”, मग तिसरं भरेपर्यंत “दोन रे दोन”. बाजाराच्या गलक्यात आकडा हरवू नये म्हणून ही रीत. पुढे किलो आले, काटे आले, आबांचं माप शेठच्या गादीखाली गेलं. पण काट्यावर पहिलं पोतं चढलं की आबा तेच म्हणायचे, आणि ते म्हटल्याशिवाय शेठ पुढचं पोतं उचलू द्यायचे नाहीत.

मी जळगावच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन धुळ्याला आले आणि देवपुरातल्या एका शाळेत मास्तरीण झाले. दिवसभर वर्गात पोरांकडून ‘एक’ गिरवून घ्यायचा आणि घरी यावं तर सासरे तूरडाळीचे डबे भरताना लाभापासून सुरुवात करणार. मला हसू यायचं. हसले तरी कधी तोंडावर हसले नाही, कारण माझी सासू झुंबरबाई समोर असायची आणि तिच्या नजरेला मी भीत होते. आम्ही सगळे तिला माय म्हणायचो.

आबांचा सगळा आवाज बाजारात खर्च व्हायचा, घरासाठी काही उरायचं नाही. संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात आले की ओट्यावरूनच एक हाक मारायचे, “आयकस का वं!” माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. नवराबायकोतलं दिवसभराचं बोलणं एवढंच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही बाईवरची बंदी सगळ्यांना माहीत आहे, पण बायकोचं नाव घेताना पुरुषांची जीभ का अडखळते हे मला आजवर कळलेलं नाही. माय कधी कधी तांब्या आदळत म्हणायची, “इतला वरीस व्हयनात, मन्हं नाव ‘आयकस का’च ऱ्हायनं.”

एकोणीसशे सत्तरच्या हिवाळ्यात, तुरीच्या हंगामात, आबा काट्यापाशी मोजता मोजता थांबले. शेठला वाटलं, ठसका लागला. बघतात तो आबा पोत्यावर कलंडलेले. उजवा हात, उजवा पाय लुळा, तोंड वाकडं. “अंगावरून वारं गेलं,” बाजार म्हणाला. बाजार आणखीही पुष्कळ काही म्हणाला. कबुतराचं रक्त चोळा, असंही एकाने सुचवलं. तेव्हा उत्तमचंद शेठ, पक्के जैन, दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडले आणि त्यांनी आबांना टांग्यात घालून एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथे मुंबईहून सबनीस नावाचे तरुण डॉक्टर आलेले होते.

जीव वाचला. पण वाचा गेली. घशातून आवाज निघायचा, शब्द निघायचा नाही. आणि आबांना ते समजत होतं, हे सगळ्यात वाईट. काही सांगायला जायचे, ओठ हलवायचे, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. ज्या माणसाला मी कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, तो माणूस पाण्याचा पेला मागता येत नाही म्हणून रडायचा. माय पदराने त्यांचं तोंड पुसायची आणि बाहेर व्हरांड्यात येऊन स्वतःचं पुसायची. तिने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं. आबा चालतील का, कमावतील का, यातलं काही नाही. आबांबद्दल तिने एवढंच विचारलं, “त्या माले हाक मारतीन का?”

सबनीस म्हणाले, “आत्ताच सांगता यायचं नाही, मावशी.”

“तुम्हनं तेच काम शे ना, आधी सांगानं?” माय म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांचं खरंच ते काम होतं. त्या काळी लकव्याच्या माणसाला खाटेवर टाकायचं, तेल चोळायचं आणि देवावर हवाला ठेवायचा, एवढाच उपचार लोकांना ठाऊक. सबनीस वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागले होते. कोण पुन्हा चालेल, कोण बोलेल, हे सुरुवातीच्या खुणांवरून ओळखता येईल का. आणि ओळखता आलं, तर कुणाला कसला सराव दिल्याने फरक पडेल, याचा ते शोध घेत होते. पंजा आवळता येतो का, आकडे मोजता येतात का, किल्ली दाखवली तर किल्ली म्हणता येतं का, अशा परीक्षा घ्यायचे आणि वर्षभराने त्याच माणसाला पुन्हा तपासायचे. बोलण्याचा सराव ते दुपारी स्वतः घेत. एकटा माणूस, किती जणांना पुरणार? म्हणून परीक्षेत ज्याची थोडीफार आशा दिसेल त्यालाच सरावाला घ्यायचं, असा त्यांनी नियम केला होता. आबांना बोलण्याचा सराव मिळणार की नाही, हे त्या परीक्षेवर होतं.

परीक्षेच्या वेळी नातेवाइकांना आत घ्यायचे नाहीत, कारण नातेवाईक उत्तरं पुरवतात. आम्ही दोघी दाराबाहेर बाकावर बसलो. आतून डॉक्टरांचा आवाज यायचा, मध्ये मध्ये आबांचा घशातला आवाज, मग काहीतरी जमिनीवर सांडल्याचा. थोड्या वेळाने सबनीस बाहेर आले. चेहऱ्यावरून कळलंच.

मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात सांगू लागले, कारण मी शिकलेली. पाय सुधारेल, काठी घेऊन चालतील, त्याचे व्यायाम द्या. वाचेचं मात्र कठीण दिसतं. एकाही वस्तूचं नाव सांगता आलं नाही. “आकडेसुद्धा नाहीत. मोजायला सांगितलं तर एकच शब्द धरून बसले. एक म्हणा म्हटलं, तर लाभ. पुन्हा म्हटलं एक, पुन्हा लाभ. शेवटी चिडून सगळी तूर उधळून दिली.”

“तूर?” मी विचारलं.

“मोजायला तुरीचे दाणे ठेवतो मी. इकडच्या माणसांना ओळखीचं काहीतरी असावं म्हणून.”

बाकावरून मायने ऐकलं होतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती उठली आणि परक्या पुरुषासमोर, दवाखान्याच्या भर व्हरांड्यात, बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दानासना म्होरे एक कोन म्हनस? एक म्हनं का बरकत जास! त्या चुकनात नहीत. तुम्हीच त्यास्ना म्होरे तूर मांडी!”

सबनीसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दोष कसा द्यावा? गिरगावात वाढलेला मुलगा, तांदूळ घरात वाण्याच्या पिशवीतून यायचा. मी त्यांना मापाड्याचा रिवाज समजावून सांगितला. ज्या समजुतीला मी इतकी वर्षं मनात हसत होते, तिचीच वकिली त्या दिवशी मी घसा फोडून केली.

तोवर माय दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून परातभर तांदूळ, एक रिकामं टोपलं आणि एक पेला घेऊन आलीसुद्धा. आबांच्या खाटेसमोर खाली बसली. पेला भरला, वरून हात फिरवला आणि आबांकडे पाहत थांबली. “लाभ,” ते म्हणाले. तिने पेला टोपल्यात उलटा केला, दुसरा भरला. “दोन.” तिसरा. “तीन.” आवाज फाटका होता, पण चाल तीच होती, बाजारातली. शेवटी परातीतले तांदूळ संपले, आबा थांबले नव्हते. माय रडत होती आणि रिकामा पेला भरल्यासारखा करून उलटा करत होती, आणि आबा मोजत होते.

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण सबनीस प्रामाणिक माणूस होते आणि प्रामाणिक माणसांचा कधी कधी फार राग येतो. ते म्हणाले, “हे बोलणं नव्हे, बाई. हे पाठ झालेलं आहे. आजारी माणूस बेशुद्धीत रामरक्षा म्हणतो, तसं. एकदा ढकललं की चाक आपोआप फिरतं. त्याच्यामागून खरं बोलणं येईल का, मला माहीत नाही. पुष्कळदा येत नाही.”

ते मायला मी तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, “चाक फिरस ना? मंग गाडी जुपा.”

सबनीसांनी आबांना सरावाला घेतलं. तुरीचे दाणे त्यांनी त्याच दिवशी फेकून दिले आणि परीक्षेसाठी चिंचोके आणून ठेवले. आधीच्या परीक्षेत आशा नाही म्हणून परत पाठवलेल्यांपैकी पारोळ्याचा एक हमाल होता. त्यानेही तूर बघून असंच काहीतरी म्हटल्याचं त्यांना आठवलं. त्याला बोलावणं धाडलं. तो महिन्यापूर्वीच गेला, असा निरोप आला. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

सराव असा होता. रोज दुपारी आबांसमोर धान्य मांडायचं, चालीवर मोजायला लावायचं, आणि आकड्याच्या मागे एकेक शब्द जोडायचा. दोन म्हणून झालं की थांबायचं, भाकरी दाखवायची. दोन भाकरी. तीन म्हटलं की पेला. पुढे आबा घरी आल्यावर तोच सराव आम्ही घरी चालू ठेवला. संध्याकाळी आबांसमोर आम्ही ओळीने बसायचो. सगळ्यात पुढे माय, परात घेऊन. मग आमचे हे. ते एसटीत कंडक्टर. मग मी. मग आमची कुसुम, तेव्हा नुकती बालवाडीत जाऊ लागलेली. आबांचा पाय हळूहळू उचलू लागला, काठी घेऊन ते ओट्यापर्यंत जाऊ लागले. डॉक्टरांचं ते भाकीत खरं ठरलं. शब्द मात्र येईना. दोन यायचं, भाकरी यायची नाही. माय शब्द सांगून थकायची, आबा ऐकून थकायचे, आणि मी रागाने परात उचलून आत ठेवायची. त्यात दुष्काळाचं साल आलं. रेशनच्या लाल ज्वारीवर सराव सुरू झाला. आबांनी ती हातात घेऊन नाक मुरडलं, तर माय म्हणाली, “सरकारनी ज्वारी बी ज्वारीच शे. म्हना, लाभ.”

एक दिवस संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. माय आत चुलीपाशी होती. समोर धान्य नाही, परात नाही, काही नाही. आणि ओट्यावरून हाक आली, “लाभ!”

माय भाकरी थापताना थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा हाक आली, जरा चिडून, “लाभ!”

ती पिठाच्या हातानेच बाहेर गेली. “माले म्हनं का?”

आबांनी डाव्या हाताने तिचा दंड धरला आणि मान हलवली. “लाभ,” ते म्हणाले, आणि तांब्याकडे बोट दाखवलं.

परातीपुढे रोज ती पहिली बसायची. पहिल्या मापाचं नाव तिला लागलं होतं. मग दोन म्हणजे आमचे हे, तीन मी, चार कुसुम. सबनीस एकदा घरी तपासायला आले तेव्हा ओळीच्या शेवटी बसले होते, ते पाच झाले. पुढच्या वेळी दारात दिसताच आबा मोठ्याने म्हणाले, “पाच!” आणि डॉक्टर उंबऱ्यातच हसत उभे राहिले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

माय नळावर बायकांना सांगायची, “मन्हं नाव लाभ शे.” बायका तिची थट्टा करायच्या, म्हातारपणी बारसं झालं म्हणायच्या. तिला ते फार आवडायचं. चिडल्यासारखं दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय काढायची.

शेवटच्या तपासणीनंतर मी सबनीसांना विचारलं, “आबांचं काय ठरवलंत?”

“वाचा परतली नाही, असं धरावं लागतं,” ते म्हणाले. “वस्तूंची नावं नाहीत, वाक्य नाही. पाच आकडे आहेत आणि तेही माणसांना लावलेले.”

मी भडकले. मास्तरीणच मी, आवाज चढायला वेळ लागत नाही. म्हटलं, “माझी सासू हाक मारली की ओ देते. दिवसातून दहादा देते. हे बोलणं नाही तर काय आहे? तुमचं माप खोटं आहे, डॉक्टर.”

“असेल,” ते शांतपणे म्हणाले. “पण सध्या माझ्याकडे दुसरं नाही. माणसं अशीही बरी होतात, हे मोजायचं कशाने, तेच शोधायचंय.”

तेव्हा मला ते उत्तर पटलं नाही. आता वाटतं, खोटं बोलून मला खूश करणं त्यांना सोपं होतं.

त्या काळात घरात एक रिवाजच पडून गेला. संध्याकाळी ताटं वाढली की आबा पहिला घास घेण्याआधी एकेकाकडे पाहून मोजायचे. लाभ, दोन, तीन, चार. सगळे आहेत म्हटल्यावर डाव्या हाताने घास. ह्यांची एसटीची मुक्कामी गाडी असली की लाभ म्हणून आबा दाराकडे बघायचे आणि विचारायचे, “दोन?” मी सांगायची, “शिरपूरला मुक्काम आहे, आबा. उद्या येतील.” मग मान हलवून पुढे, तीन. कुसुम शेजारी खेळायला गेलेली असली की “चार?” आणि ती येईपर्यंत ताटाला हात नाही. जो घरात नाही त्याचा आकडा ते असा विचारून घ्यायचे.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात माय गेली. आजार असा काही नव्हताच. दोन दिवस छातीत जड वाटतं म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झोपली ती उठली नाही. आबांना आम्ही तिच्याजवळ बसवलं. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ओठ मिटलेले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला समजलेलं दिसत नाही. मी त्या लोकांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आबांना ओट्यावर वेगळं ताट जायचं, मोजणी झालीच नाही. मग पाहुणे गेले, आणि आमचीच चार ताटं मांडण्याची वेळ आली. मला एकच धास्ती होती. आबा आता चुलीकडे बघतील आणि विचारतील, “लाभ?” ह्यांच्यासाठी शिरपूरचा मुक्काम होता. हिच्यासाठी मी कुठलं गाव सांगू? दुपारपासून उत्तर शोधत होते, एकही सापडलं नव्हतं.

ताटं मांडली. मायचा पाट मी उचलून ठेवला होता, तरी तिची जागा तेवढीच रिकामी दिसत होती. आबा काठी टेकत आले, बसले. ताटातल्या भाकरीकडे पाहिलं, मग चुलीजवळच्या त्या जागेकडे पाहिलं. पाहतच राहिले. त्यांचे ओठ जुळले, जीभ टाळूला लागलेली मला दिसली. मी डोळे मिटून घेतले.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा आबांनी मान वळवली होती. मुलाकडे पाहत ते म्हणाले, “दोन.”

आमच्या ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. “तीन.” कुसुमकडे पाहिलं. “चार.” त्यांनी काही विचारलं नाही. जन्मभर ज्यांनी लाभाशिवाय मोजणी सुरू केली नव्हती, त्यांनी त्या संध्याकाळी दोनपासून सुरू केली, आणि त्यानंतर अखेरपर्यंत रोज तिथूनच सुरू करत राहिले. लाभ हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पुन्हा ऐकला नाही.